मूकनायिका

‘फाळक्यांना बाई मिळाली नाही.’

हे वाक्य मराठी माणूस शंभर वर्षं चघळतोय. भाषणात, स्मरणिकेत, पुरस्काराच्या मांडवात. १९१२ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला निघाले. जाहिराती दिल्या, दारं ठोठावली, वेश्यांच्या वस्तीत जाऊन विचारलं. तारामती व्हायला कुणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा पोरगा गाठला, अण्णा साळुंके. त्याला महिन्याला दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. लुगडं नेसवलं, झाली तारामती. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थेटरात पडदा उजळला. हिंदुस्थानी सिनेमा जन्माला आला तो असा, बाईवाचून.

२००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला. लुगड्यातले बाप्ये बघून थेटर खदखदून हसलं. दोस्तहो, हसून झालं असेल तर एक सवाल टाकतो. बाई मिळाली नाही म्हणजे कोणती बाई मिळाली नाही?

कारण बाया होत्या. ढिगानं होत्या. ज्या १८७० साली त्र्यंबकेश्वरात फाळके जन्मले त्याच साली तिकडं संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावात एका महाराच्या घरात पवळा जन्मली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. पट्ठे बापूरावाच्या फडात ती नाचली, गायली, तिच्यासाठी माणसं मैलोनमैल चालत आली. मुंबईनं तिला डोक्यावर घेतलं. सिनेमाचा पडदा उजळायच्या आधी या महाराष्ट्रात हजार माणसांसमोर उभं राहायचं, नजर झेलायची, नजर फेकायची, शब्दावाचून बोलायचं, हे सगळं बाईला येत होतं. महार, मांग, कोल्हाटी बायांना येत होतं. मूकपटाला दुसरं काय लागतं? मूकपटाला आवाज लागत नाही. डोळा लागतो, मान लागते, कंबर लागते, पाऊल लागतं.

पण तारामती म्हणजे राजाची राणी. पतिव्रता. पडद्यावर ती बाप्या चालली, महारीण चालली असती का? ‘बाई मिळाली नाही’ या गोष्टीत पवळाचं नाव कुठंच येत नाही. तिनं नकार दिला असंही कुणी सांगत नाही. ती मोजणीतच नाही. पाणवठ्यावर सावली पडली तर पाणी बाटतं, तसा पडद्यावर सावली पडली तर पुराण बाटतं. आणि सिनेमा म्हणजे तर निव्वळ सावलीचाच धंदा.

तेव्हा ते वाक्य दुरुस्त करून घ्या. ‘फाळक्यांना बाई मिळाली नाही’ असं नाही. घरंदाज बाई मिळाली नाही. ज्या मिळण्यासारख्या होत्या त्यांना इतिहासानं बाई म्हणून मोजलंच नाही.

*

आता दुसरी बाजू. तीही आपण नीट बघत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्याच १९१३ साली फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. या खेपेला बाया मिळाल्या. दोन. आई आणि मुलगी. आई दुर्गाबाई कामत, पार्वती झाली. मुलगी कमला, मोहिनी झाली. मोहिनी म्हणजे बाईचं सोंग घेतलेला विष्णू. म्हणजे बघा, पुरुषानं घेतलेल्या बाईच्या सोंगात पहिली खरी बाई पडद्यावर आली. वय तेरा-चौदा.

हिंदुस्थानी सिनेमाची ही पहिली नायिका. पुढं कमलाबाई गोखले. १९०० चा जन्म, १९९७ ला मृत्यू. शतकभर जगलेली बाई. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. बस. यापुढं बहुतेकांना माहीत नाही. ‘अमक्याची आई, तमक्याची आजी’ यात बाई संपवायची ही यांची जुनी रीत.

ती सिनेमात आली कशी ते बघा. आई दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळी झालेली. नवरा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला मास्तर. त्या काळात वरच्या जातीतल्या अशा बाईपुढं रस्ते किती? दुसऱ्याच्या घरची भांडी नाहीतर बाजार. तिनं तिसरा रस्ता धरला, फिरत्या नाटक कंपनीचा. पोरीला काखोटीला मारून गावोगाव हिंडली. जातीनं वाळीत टाकलं. पोरगी शाळेत गेली नाही. कंपनी हीच शाळा, पेटी-तबला हीच बाराखडी. चारपाच वर्षांची असताना बोर्डावर उभी राहिली. फाळक्यांनी बोलावलं तेव्हा तिच्या गाठीला अभिनयाची आठदहा वर्षं होती. बालमजूरच म्हणा. शब्द कडू लागला तर लागू द्या.

पुढं रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. पंचविशीत विधवा. पदरात पोरं. रडत बसायला फुरसत कुणाला? पुन्हा तोंडाला रंग. तीन पोरं वाढवली, एक नट झाला, दोन तबल्यात नाव काढते झाले. रीना मोहन नावाच्या बाईंनी कमलाबाईच्या म्हातारपणी तिच्यावर एक माहितीपट केला. नसता केला तर पहिल्या नायिकेचा आवाजसुद्धा आपल्याला ऐकायला मिळाला नसता.

मी गोदीत ठेकेदाराच्या हजेरीवर काम करतो. म्हणून मला कमलाबाईची गोष्ट आधी मजुराची गोष्ट वाटते, नंतर नटीची. आमच्या गोदीत कंटेनर आला आणि टोळ्याच्या टोळ्या घरी गेल्या. सिनेमात आवाज आला आणि मूकपटातल्या बायांचं तेच झालं. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला आणि एका दिवसात डोळा, मान, पाऊल यांचा भाव उतरला. सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली ज्यू पोरगी, आधी टेलिफोन ऑपरेटर. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या. देशातली सगळ्यात महाग नटी. बोलपट आला आणि तिला हिंदुस्थानी शिकत घरी बसावं लागलं. पुन्हा आली, पण ते दिवस आले नाहीत. १९७३ चा फाळके पुरस्कार तिच्या हाती पडला आणि १९८३ ला ती या मुंबईत गेली, कुणाला न कळवता. मशीन बदललं की माल तोच राहतो. माणूस बदलतात.

*

हे मी आत्ता का लिहितोय ते सांगतो.

माझं गाव सिंदी मेघे. वर्ध्याला चिकटलेलं. गेल्या ३ जानेवारीला सावित्रीमाईच्या जयंतीला आमच्या पोट्ट्यांनी फलक करायचं ठरवलं, ‘पहिल्या बाया’. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, अशा ओळीनं. मी चार दिवसांच्या सुट्टीवर होतो. म्हटलं, पहिली नटी पण घ्या. कमलाबाईचा फोटो लावा.

झालं. एक पोट्टा उसळला, ‘बामनाच्या बाईचा फोटू आपल्या फलकावर कायले पायजे बे?’

मी म्हटलं, ‘मंग पवळाबाई लावा. आपली हाये.’

आता दुसरा उसळला. शिकलेला, चळवळीत भाषणं ठोकणारा. ‘तमासगिरीण? अन् सावित्रीमाईच्या बाजूले? लाज वाटते का नाही तुले?’

मित्रांनो, एका मिनिटात दोन्ही बाया फलकावरून खाली. एक बामण म्हणून, दुसरी नाचणारी म्हणून. हे काम करायला पुण्याची मंडळी आली नव्हती. निळा गमछा गळ्यात टाकलेल्या आपल्याच पोरांनी केलं.

बाजूला एक म्हातारा बसला होता. तरुणपणी आमच्याकडच्या खडी गंमतीत तो नाच्या होता. बाईचा पार्ट करायचा. तो हळूच म्हणाला, ‘रातभर लुगडं नेसून नाचो. पाटील नोटा लावे. सकाळी त्याच्याच वावरात बिनपैशाचा राबो.’ कुणी त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. अण्णा साळुंक्यानं लुगडं नेसलं तर इतिहास झाला. आमच्या म्हाताऱ्यानं नेसलं तर वस्तीची नाचक्की!

*

पहिल्या पोट्ट्याला उत्तर देतो. कमलाबाई आपल्या फलकावर कायले?

तर बाबासाहेब वाचले असतील म्हणून. ‘मोहिनी भस्मासुर’नंतर तीन वर्षांनी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीची नस पकडली. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि लग्नाची ही भिंत टिकवायची तर नवऱ्याविना उरलेल्या बाईचा बंदोबस्त करावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, हे सगळे त्या बंदोबस्ताचे प्रकार. देवधर्म नंतर चिकटवलेला.

आता दुर्गाबाईकडं बघा. नवऱ्याविना उरलेली बाई. कमलाबाईकडं बघा. पंचविशीतली विधवा. बाबासाहेबांनी निबंधात जी बाई मांडली ती या दोघी. जातीनं त्यांना कोपऱ्यात बसायला सांगितलं, त्या पडद्यावर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणून वाळीत पडल्या. ज्या वाळीत टाकण्याला आपण गावकूस म्हणतो त्याचंच ते घरातलं रूप. त्यांची जात त्यांच्या बाजूनं उभी राहिली नाही. मग त्यांना त्या जातीच्या नावानं हाकलायचा आपल्याला काय हक्क?

पण एवढ्यावर थांबलो तर मीही लबाडच. कारण दुर्गाबाई आणि पवळा यांचं दुःख एक नाही. एकीला जातीनं सांगितलं, बोर्डावर चढलीस तर खबरदार. दुसरीला जातीनंच सांगितलं, बोर्डावरून उतरलीस तर खबरदार. एकीला कला बंद, दुसरीला कला सक्तीची. पोरीला खंडोबाला वाहायचं, मुरळी करायची, नाचवायचं, नोटा उधळायच्या आणि वर तिलाच बाजारबसवी म्हणायचं. एकीनं उंबरा ओलांडला म्हणून तिला आज ‘धाडसी’ म्हणतात. दुसरीला उंबराच दिला नव्हता, तिनं काय ओलांडायचं? तिच्या धाडसाला यांच्या कोशात शब्द नाही. हा शब्द घडवायचं काम आपलं आहे.

*

आणि ज्याला वाटतं की तो फाळक्यांचा काळ जुना होता, लोक अडाणी होते, त्यानं जरा दक्षिणेकडं बघावं.

त्रावणकोर. १९३० च्या सुमाराची गोष्ट. जे. सी. डॅनियल नावाच्या माणसानं ‘विगतकुमारन’ हा मल्याळी मुलखातला पहिला सिनेमा काढला. मूकपट. नायिका पी. के. रोझी. पुलया जातीची, म्हणजे आपल्यासारखीच अस्पृश्य. लोकनाट्यात काम करायची. सिनेमात तिला भूमिका दिली नायर घरातल्या बाईची. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटल थेटरात खेळ लागला. पहिल्या खेळाला खुद्द नायिकेलाच आत येऊ दिलं नाही. पडद्यावर पुलयाची पोर नायर बाई होऊन वावरली, नायकानं तिच्या केसातलं फूल घेतलं, आणि वरच्या जातीचे प्रेक्षक पिसाळले. पडद्यावर दगड मारले. तिची झोपडी जाळली. रोझी एका लॉरीतून तमिळ मुलखात पळाली. लॉरीवाल्याशी संसार थाटला, राजम्माळ नाव घेतलं आणि मरेपर्यंत गप्प राहिली. त्या सिनेमाची प्रत आज उरलेली नाही. एक सिनेमा, एक भूमिका, एक आयुष्य. तिघांचीही राख.

आता पुढं ऐका. १९३६. मुंबई. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’. अस्पृश्य पोरगी कस्तुरी, तिचं बामण पोरावर प्रेम. कस्तुरी झाली देविका राणी. टागोरांच्या नात्यातली, विलायतेत शिकलेली. देशानं डोळे पुसले. वाहवा केली. १९६९ चा पहिलावहिला दादासाहेब फाळके पुरस्कार तिलाच मिळाला.

बामणाच्या घरची बाई अस्पृश्य झाली तर अश्रू. अस्पृश्याच्या घरची बाई नायर झाली तर दगड. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणं, असं नाट्यशास्त्राचे पंडित सांगतात. बरोबर आहे. फक्त वरून खाली शिरायला परवानगी आहे, खालून वर नाही.

आणि फाळक्यांच्या नाशकातच बघा. १९१७ ला त्यांचा ‘लंकादहन’ आला. राम अण्णा साळुंके, सीता पण अण्णा साळुंके. तुफान चालला. तिकिटाच्या चिल्लरीची पोती बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. त्या चिल्लरीत आपल्या आज्या-पणज्याची आणेली नसेल? राम पडद्यावर विकत मिळत होता. २ मार्च १९३० ला त्याच नाशकात बाबासाहेबांनी काळारामाच्या दारात सत्याग्रह मांडला तेव्हा देवळातल्या रामाचं दार मात्र उघडलं नाही. आमच्या वर्ध्याची मंडळी लगेच सांगतील, आमचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ लाच अस्पृश्यांना खुलं केलं. केलं ना. चांगलं केलं. पण देवळात आत घेणं वेगळं आणि देवळातली सीता तुमच्या पोरीला होऊ देणं वेगळं. पहिल्याला दया पुरते. दुसऱ्याला बरोबरी लागते.

*

आता दुसऱ्या पोट्ट्याला उत्तर. भाषणं ठोकणाऱ्याला. हे जरा जास्त झोंबेल.

तू म्हणशील, बाबासाहेबांनीच तमाशाचा पैसा नाकारला होता. खरं आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी पट्ठे बापूराव तमाशाच्या खेळाचे पैसे घेऊन आला आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. महाराच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको. बरोबर केलं. शंभर टक्के बरोबर. पण नाकारलं काय? पैसा नाकारला. नाचवणारा नाकारला. आपण काय केलं? नाचणारी नाकारली. बाबासाहेबांचा राग व्यवस्थेवर होता, तो आपण बाईवर वळवला. सोपं पडतं ना.

जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या आपल्याच बायांची सभा घेतली. देवदासी, मुरळ्या, जोगतिणी. त्यांना तोंडावर कडक बोलले, हे जिणं सोडा म्हणाले. पण तोंडावर बोलले. समोर बसवून बोलले. आपल्यात धरलं म्हणूनच बोलले. आपण त्यांच्याविषयी बोलतो ते कोपऱ्यात, चहाच्या टपरीवर, डोळा मारून. जलशांनी शृंगारिक गवळण टाकली, ठीक. पण गवळण टाकताना गवळणीला पण टाकलं, आणि तिच्या जागी पुन्हा लुगड्यातला बाप्या उभा केला. फाळक्यांवर हसता, मग या बाप्याचं काय?

आणि थेटरात शिट्टी कोण मारतं? रात्री मोबाईलवर लावणी लावून कोण बसतं? सकाळी ‘तमासगिरीण’ म्हणून नाक कोण मुरडतं? रात्री पाटील आणि सकाळी भीमसैनिक, हे जमायचं नाही. पाटलानं नोट लावली, तू शिट्टी लावलीस. फरक ऐपतीचा आहे, नजरेचा नाही.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. तेव्हा देशभर मूकपट चालत होते. पडद्यावर बाया ओठ हलवत होत्या, आवाज येत नव्हता, मधे पाटी यायची आणि पाटीवर दुसऱ्यानं लिहिलेलं वाक्य. आपलंही तसंच होतं. ओठ आपले, पाटी त्यांची. ‘मूकनायक’नं ती पाटी उपटली आणि आपण आपल्या तोंडानं बोलायला लागलो. पण घरातल्या बाईच्या पुढची पाटी आपण अजून उपटलेली नाही. ती आता आपल्या हस्ताक्षरात आहे एवढंच.

*

तेव्हा काय करायचं ते सांगतो. कवितेत नाही, साध्या भाषेत.

आपापल्या वस्तीत म्हाताऱ्या शोधा. फडात नाचलेल्या, फडाचा स्वैपाक केलेल्या, मुरळी म्हणून सोडलेल्या. खडी गंमतीतले नाचे शोधा. खिशात मोबाईल आहे, रेकॉर्ड करा. तारीख घाला, गाव घाला. हजेरी किती मिळायची ते विचारा, कुणी बुडवली ते विचारा. आधी मजुरी विचारा, मग गाणं. त्यांनी नको म्हटलं तर गप निघून या. त्यांचं दुःख हा आपला माल नाही. कमलाबाईला शेवटी एक माहितीपट मिळाला. पवळा १९३९ ला गेली, तिचं तिच्या तोंडचं काय उरलं? ही चूक आता पुन्हा करायला काहीच सबब नाही.

फलक करा. त्यावर सावित्रीमाईच्या बाजूला पवळा लावा, कमलाबाई लावा, रोझी लावा. एकीच्या नावानं दुसरीला झाकू नका. तिघींच्या खाली तिघींची जात लिहा आणि जातीनं प्रत्येकीचं काय केलं तेही लिहा. वाचणाऱ्याला फरक कळू द्या आणि धागाही कळू द्या.

२०१३ साली हिंदुस्थानी सिनेमाची शंभरी झाली. फाळक्यांना हार घातले गेले. त्याच साली केरळात ‘सेल्युलॉइड’ आला, त्यात रोझीची गोष्ट पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आली. त्याच साली मराठीत नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ आला. त्याच्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि सरळ पडद्याबाहेर, आपल्या तोंडावर भिरकावतो. रोझीच्या वेळी दगड प्रेक्षकातून पडद्यावर गेले होते. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी एक दगड उलटा आला.

तो दगड फक्त वरच्या जातीच्या प्रेक्षकाला लागला असं समजून आपण टाळ्या वाजवल्या. जरा कपाळ चाचपून बघा.

सिंदी मेघे, वर्धा